शुक्रवारची यादी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की तुझं एकच वाक्य आडवं यायचं: 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन सिस्कोने केलं ते बरोबरच केलं, देशासाठी एवढं करावंच लागतं. राग नव्हता आला. पहिल्यांदा पाहताना मीही त्याच्याच बाजूने होतो, हीच पंचाईत. म्हणून काल रात्री 'डीप स्पेस नाईन' या 'स्टार ट्रेक' मालिकेचा तो १९९८चा भाग पुन्हा लावला.

सुरुवातीलाच सिस्को सांगतो की दर शुक्रवारी सकाळी तो युद्धात पडलेल्यांची यादी लावतो. लोक जमतात, आपल्या माणसांची नावं शोधतात. डॉमिनियन या शत्रूशी चाललेलं युद्ध हातातून निसटतंय आणि रोम्युलन ही दुसरी परग्रही सत्ता कुंपणावर बसून मजा बघतेय. मग शिंपीकाम करणारा तो जुना हेर, गॅरॅक, मदतीला येतो. डॉमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार आहे असं बनावट रेकॉर्डिंग एका गुन्हेगाराकडून तयार करवून घेतलं जातं. ते ज्याला दाखवतात त्या रोम्युलन सिनेटर व्हरीनॅकला खोट कळते, आणि परतीच्या वाटेवर त्याचं यान फुटतं. बॉम्ब अर्थात गॅरॅकचा. कारागिरी मानायलाच हवी: रेकॉर्डिंगमध्ये राहिलेल्या चुका आता स्फोटाच्या खात्यावर. रोम्युलन युद्धात उतरतात. गॅरॅक हिशेब मांडतो: एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्यात पाव आकाशगंगा वाचली, सौदा स्वस्तच.

इथे मी थांबवलं. अरे, या हिशेबात उद्यापासून मरणारे रोम्युलन सैनिक कुठे आहेत? थापेवर विश्वास ठेवून रणात उतरलेल्या त्या पोरांची नावं कुठल्या शुक्रवारच्या यादीत लागणार? शत्रूशी खोटं बोलणं मी समजू शकतो, हेर त्यासाठीच असतो. पण रोम्युलन तेव्हा शत्रू नव्हतेच. ज्यांना मित्र करायचं त्यांचाच केसाने गळा कापला, तोही मैत्रीच्या मुहूर्तावर. शेवटी सिस्को सगळी नोंद पुसून टाकतो. तू याला धीर म्हणतोस. मला दिसतं ते इतकंच, की ही गोष्ट त्याला स्वतःच्या लोकांनाही सांगता येत नाही.

तू म्हणशील, ते युद्ध होतं, जीव जात होते. मान्य. मग पुढच्याच वर्षीची क्रेटॅक घे. ती रोम्युलन सिनेटर युतीच्या बाजूची, पण आधी आपल्या देशाची. उद्या रोम्युलसच्या हिताचं असेल तर वेगळा तहही करेल, एवढाच तिचा दोष. सेक्शन थर्टी-वन या सिस्कोच्याच बाजूच्या गुप्त संस्थेचा स्लोन, सिस्कोच्या हाताखालच्या डॉक्टर बशीरच्या भाबडेपणाचा वापर करून तिला देशद्रोही ठरवतो आणि आपला विकत घेतलेला माणूस वर चढवतो. म्हणजे प्रामाणिक देशभक्त नको, फितूर हवा! गंमत म्हणजे स्लोनला बशीरबद्दल आदर आहे. सद्सद्विवेक असलेली माणसं हवीतच, पण त्यांना राखायला आमच्यासारखेही लागतात, असं तो समजावतो. (त्याच्याच संस्थेने सिस्कोच्याच सहकारी ओडोच्या अंगात रोग सोडून त्याची सबंध जमात संपवायचा घाट घातला होता, हे विसरू नकोस.)

आणि हे काही नव्वदच्या दशकात सुरू झालं नाही. १९६८मध्ये, मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेत, कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक रोम्युलनांचं अदृश्य होण्याचं यंत्र चोरतात, आणि स्पॉक त्यांच्या सेनापतीबाईंच्या मनाशी खेळून वेळ काढतो. त्याच जानेवारीत उत्तर कोरियाने अमेरिकेचं 'प्वेब्लो' हे हेरजहाज पकडलं होतं. सप्टेंबरात हा भाग दाखवला तेव्हा त्यावरचे ८२ जण अजून कैदेतच होते. अशा वेळी पडद्यावर आपलंच जहाज खरोखर हेरगिरी करायला सीमा ओलांडतं, हे मला धाडसाचं वाटतं. पण त्या बाईंचं काय झालं याची फिकीर तिथेही फारशी नाही.

मला खरा छळतो तो जॅरॉक. 'नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक' मालिकेचा १९९०चा भाग. हा रोम्युलन अ‍ॅडमिरल साधा कारकून असल्याचं सांगून शत्रूच्या जहाजावर येतो, कारण आपलं सरकार गुप्त तळ बांधून युद्ध पेटवणार अशी त्याची खात्री झालेली असते. आपल्या लेकीला मोठं होता यावं, म्हणून तो तिच्याच नजरेत गद्दार व्हायला तयार होतो. त्या जहाजाचा कॅप्टन पिकार्ड जाऊन बघतो तर तळ नाहीच. वरिष्ठांनी त्याची निष्ठा तपासायला खोटी माहिती पेरली होती. त्याआधी जहाजावरचा यंत्रमानव डेटा त्याच्यासाठी होलोडेकवर, म्हणजे खोटं दृश्य खरं भासवणाऱ्या खोलीत, त्याच्या गावाकडची दरी हुबेहूब उभी करतो, तेव्हा जॅरॉक म्हणतो, बंद कर, आता हे माझं घर नाही. शेवटी विष घेतो. मागे बायको आणि मुलीसाठी एक पत्र राहतं, आणि ते पोचवायला वाटच नाही.

सिस्कोने यान उडवलं नाही, पण यान उडाल्याचा फायदा घेतला. जॅरॉकने स्वतःशिवाय कुणाचाही बळी दिला नाही, आणि तोच फसला. यातून सिस्को चूक ठरतो का, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तू मला त्यावरून डिवचणार हेही ठाऊक आहे. फक्त उत्तर लिहिण्याआधी त्या दरीचा प्रसंग एकदा बघ. आवाज बंद करून बघितलास तरी चालेल, जॅरॉकचा चेहरा पुरेसा आहे.

तुझाच,
तोच जुना भांडकुदळ