नदीचा अहवाल नदीकाठी पोचू द्या : संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना खुले पत्र

मा. सरचिटणीस,
संयुक्त राष्ट्रसंघ, न्यूयॉर्क

सविनय नमस्कार.

युद्धात आणि सशस्त्र संघर्षात पर्यावरणाची नासधूस होऊ नये म्हणून आमसभेने २००१ मध्ये ६ नोव्हेंबर हा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी भाषणं होतात, अहवाल निघतात. हे पत्र त्या अहवालांविषयी आहे. ते चुकीचे असतात अशी आमची तक्रार नाही. बहुतेक चांगले असतात, काही तर उत्तम असतात. तक्रार एवढीच की ज्यांच्या विहिरीतलं पाणी बाटलीत भरून नेलं, ज्यांच्या आजारांची नोंद घेतली, त्या माणसांपर्यंत ते परत येत नाहीत. आले तरी त्यांना वाचता येतील अशा रूपात येत नाहीत. रक्त तपासायला घ्यायचं आणि रिपोर्ट रोग्याला न देता डॉक्टरांच्या परिषदेत वाचायचा, असा हा प्रकार आहे.

आम्ही शांतता, समेट आणि पर्यावरण या तिन्हींच्या सांध्यावर काम करणाऱ्या लहान गटांपैकी आहोत. आमच्यासारखे गट जगभर आहेत. कुठे पाच माणसं, कुठे पन्नास. आमच्या कामाला फार मोठं नाव देऊ नये. भांडून बसलेल्या दोन वस्त्यांना एका सतरंजीवर आणायचं आणि दोघांच्या मधल्या नदीबद्दल, जंगलाबद्दल, कुरणाबद्दल बोलायला लावायचं, हे ते काम. आणि अशा बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत जो प्रश्न येतो तो माफीचा नसतो, न्यायाचाही नसतो. ‘पाण्यात आहे तरी काय?’ हा असतो.

त्याचं उत्तर आमच्याकडे नसतं, आणि नेमकं तिथेच सगळं अडतं. मासे मेले तर खालच्या अंगाचे लोक वरच्यांवर संशय घेतात. वरचे म्हणतात, लष्कराने काहीतरी पुरलं असणार. लष्कर म्हणतं, बंडखोरांनी. ज्याच्या त्याच्या अफवा ज्याच्या त्याच्याकडे पक्क्या होत जातात. अशा वेळी दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी एक तरी गोष्ट लागते, आणि तटस्थ तपासणी ही ती गोष्ट असू शकते. म्हणून माहिती पोचवणं हा अहवालानंतरचा प्रसिद्धीचा सोपस्कार आहे, असं आम्हाला वाटत नाही. समेटाची सुरुवातच तिथून होते.

आपल्याच पर्यावरण कार्यक्रमाने, ‘यूएनईपी’ने, २००९ मध्ये लिहिलं आहे की मागच्या साठ वर्षांतल्या किमान ४० टक्के अंतर्गत संघर्षांचा नैसर्गिक साधनसंपत्तीशी संबंध होता, आणि असे संघर्ष पहिल्या पाच वर्षांत पुन्हा पेटण्याची शक्यता दुप्पट असते. म्हणजे करारावर सह्या झाल्यानंतरची पहिली पाच वर्षं सगळ्यात नाजूक. या काळात माहिती कुणाच्या हातात होती, हे पाहायला हवं.

पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटाचं उदाहरण घ्या. पांगुना इथली तांब्याची खाण १९७२ मध्ये सुरू झाली. खाणीतून निघालेला एक अब्ज टनांहून जास्त कचरा कावेराँग आणि जाबा या नद्यांमध्ये गेला. जमिनीचा, पाण्याचा आणि नफ्यातल्या वाट्याचा राग साचत गेला आणि १९८९ मध्ये खाण बंद पडली. पाठोपाठ जे युद्ध झालं त्यातल्या मृतांचे अंदाज २० हजारांपर्यंत जातात. बेट केवढं, लोकसंख्या केवढी, हे लक्षात घेतलं तर आकडा अंगावर येतो. शांतता करार २००१ मध्ये झाला. पण नदीत नेमकं काय आहे, जुनी बांधकामं किती धोक्याची आहेत, याची स्वतंत्र तपासणी व्हायला २०२० मध्ये १५६ रहिवाशांना बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करावी लागली. पहिल्या टप्प्याचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. खाण बंद पडून पस्तीस वर्षं झाली होती. खाण सुरू असताना जन्मलेली काही मुलं तोवर आजी-आजोबा झाली असतील. एवढा काळ तिथल्या समेट करणाऱ्या बायकांनी आणि पुढाऱ्यांनी हातात एकही भरवशाचा आकडा नसताना माणसं जोडून ठेवली, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं. त्यांच्यावर ही वेळ यायला नको होती, हेही तितकंच खरं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये यूएनईपीने केलेली तेलप्रदूषणाची पाहणी ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. या भूमीत तेलप्रदूषणाविरुद्धच्या लढ्यातले केन सारो-विवा आणि त्यांचे आठ सहकारी १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी गेले होते, तेव्हा तिथे परक्या तज्ज्ञांवर विश्वास बसणं सोपं नव्हतं. पाहणी करणाऱ्यांनी तो मिळवला. गावोगावच्या बैठकांना २३ हजारांहून जास्त माणसं आली. हे काम इतकं नीट झालं म्हणूनच त्याबद्दल बोलायचं धाडस करतो. त्यात एका वस्तीच्या विहिरींच्या पाण्यात बेन्झीन या विषारी रसायनाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त आढळलं. तातडीच्या उपायांत एक उपाय असा होता : दूषित विहिरींवर खुणा करा आणि लोकांना धोका समजावून सांगा. अब्जावधींचा खर्च नाही, यंत्रं नाहीत. फक्त सांगा. पूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील, असंही त्यात होतं. सफाईचा औपचारिक शुभारंभ २०१६ मध्ये झाला आणि जमिनीवरचं काम त्यानंतर तीन वर्षांनी. एवढ्या मोठ्या मधल्या काळात लोकांच्या हाताशी राहण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माहिती. ती सोप्या रूपात, त्यांच्या भाषेत, पुन्हा पुन्हा पोचवत राहणं ही कुणाची जबाबदारी? यूएनईपीचं काम अहवाल देऊन संपतं, सरकारचं निविदेपासून सुरू होतं. मधली जागा रिकामी. तिथे आमच्यासारखे गट आपल्या कुवतीप्रमाणे काही ना काही करत असतात.

बरं, नियम नाहीत असंही नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०२२ मध्ये सशस्त्र संघर्ष आणि पर्यावरण यांविषयीची २७ तत्त्वं मंजूर केली. त्यातलं २३वं तत्त्व म्हणतं की संघर्षानंतर नुकसान भरून काढण्यासाठी लागणारी माहिती राष्ट्रांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी द्यावी, मिळू द्यावी. उत्तम. पण मग ती नदीकाठच्या माणसाला कळेल अशी कुणी करायची? लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांचा एस्कासू करार याबाबत एक पाऊल पुढे आहे. २०२१ मध्ये लागू झालेल्या या करारात पर्यावरणाची माहिती देशात बोलल्या जाणाऱ्या निरनिराळ्या भाषांत देण्याचा प्रयत्न करावा, असं कलम आहे. संयुक्त राष्ट्रांचं कामकाज मात्र सहा भाषांत चालतं, आणि संघर्षाने पोळलेल्या बहुतेक खेड्यांची घरातली भाषा या सहांत नसते.

हे जमणार नाही, असं कुणी सांगू नये. सिएरा लिओनच्या सत्य आणि समेट आयोगाने २००४ मध्ये आपल्या अहवालाची मुलांसाठी वेगळी आवृत्ती काढली, युनिसेफच्या मदतीने. यादवीच्या कहाण्या मुलांना समजतील अशा सांगता येत असतील, तर शिसं, आर्सेनिक आणि बेन्झीन मोठ्या माणसांना सांगता येणार नाही?

आम्हाला काय उपयोगी पडतं ते सांगतो. लिटरमागे किती मायक्रोग्रॅम, हे आम्हाला नको असं नाही, पण त्याआधी हे हवं : हे पाणी प्यायचं का, आंघोळीला चालेल का, शेताला दिलं तर पिकात काय उतरेल, मासे खायचे का. पाणी उकळून जड धातू जात नाहीत, हे एक वाक्य कित्येक पानांच्या तक्त्यांपेक्षा मोलाचं आहे, कारण पहिला उपाय म्हणून लोक पाणी उकळतातच. विहिरींचा नकाशा हवा. वाचून दाखवता येईल असा मजकूर हवा, कारण ज्येष्ठ मंडळींपैकी अनेकांना वाचता येत नाही आणि समेटाच्या बैठकीत शब्द त्यांचाच चालतो. आणि एक गोष्ट जी बाहेरच्यांना सहसा सुचत नाही : अहवाल दोन्ही बाजूंना एकाच वेळी, शक्यतो एकाच जागी मिळायला हवा. एका बाजूला आठवडाभर आधी मिळाला की दुसरी बाजू तो खोटाच मानते. मग त्यात काहीही लिहिलेलं असो.

माहिती परत देताना नावं मात्र सांभाळा. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या नोंदींप्रमाणे २०१२ ते २०२३ या काळात जमीन आणि पर्यावरण वाचवणाऱ्या २,१०० हून अधिक माणसांचे खून झाले, एकट्या २०२३ मध्ये १९६. होंडुरासच्या पर्यावरण कार्यकर्त्या बर्टा कासेरेस यांना मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, जगभर ओळख होती, तरी मार्च २०१६ मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांना मारलं. ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. कुठल्या विहिरीचा नमुना कुणी दाखवला हे परिशिष्टात छापून येतं तेव्हा आमची झोप उडते.

आता पैशांचं. ‘ग्रँड बार्गेन’ या मदतीविषयीच्या २०१६ च्या समझोत्यात मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के भाग शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जाईल. तो गेला नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये आदिवासी आणि स्थानिक समाजांच्या जमीनहक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षी त्यातले सुमारे ७ टक्के त्यांच्या संस्थांपर्यंत थेट गेले, पुढच्या वर्षी २.१ टक्के. बाकीचा पैसा मधल्या मोठ्या संस्थांमधून फिरतो. त्या सगळ्या वाईट असतात असं नाही. पण लहान गटाला दीड वर्षाचा प्रोजेक्ट मिळतो, प्रपोजल परक्या भाषेत लिहावं लागतं, ऑडिटचा खर्च कधी कधी अनुदानाशी स्पर्धा करतो, आणि शेवटी किती कार्यशाळा घेतल्या याचा आकडा द्यावा लागतो. दोन वस्त्या पुन्हा एकमेकांच्या मयताला जाऊ लागल्या, हे कुठल्या रकान्यात भरायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

लहान गट काय करू शकतात याबद्दल आपल्याला शंका नसावी. वांगारी माथाई यांच्या ग्रीन बेल्ट चळवळीने केनियात भांडलेल्या समाजांमध्ये शांततेची झाडं लावून समेट घडवला. इकोपीस ही १९९४ पासूनची संस्था जॉर्डन, इस्रायल आणि पॅलेस्टाइनच्या माणसांना एकाच नदीच्या पाण्यावर एकत्र काम करायला लावते. राजधान्या एकमेकांशी बोलत नसतात तेव्हाही. पूर्व तिमोरमध्ये ‘तारा बांडू’ ही जुनी रीत स्वातंत्र्यानंतर पुन्हा उभी राहिली : सगळ्यांसमोर ठरवायचं की अमुक काळ अमुक झाडं तोडायची नाहीत, अमुक जागी मासेमारी नाही. झाड वाचतं, आणि ठरवायला एकत्र बसल्याने भांडणंही मिटतात. त्या देशाच्या २०१२ च्या पर्यावरण कायद्याने या रीतीला मान्यता दिली. हे कुठल्या तज्ज्ञाने न्यूयॉर्कहून पाठवलेलं नव्हतं.

तर मागणं असं. संयुक्त राष्ट्रांची कोणतीही यंत्रणा संघर्षाने होरपळलेल्या भागात माती, पाणी, हवा किंवा माणसं तपासायला जाईल, तेव्हा निष्कर्ष परत देण्याचा खर्च त्याच कामाच्या अंदाजपत्रकात धरावा, नंतर देणगी मिळाली तर पाहू, असं नको. मुख्य अहवाल प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत स्थानिक भाषेतला, ऐकण्याजोगा सारांश सगळ्या बाजूंपर्यंत पोचला की नाही, हे आपल्या कार्यालयाने विचारावं. ते पोचवण्याचं काम जे गट करतात त्यांना किमान पाच वर्षांचं, लहानसं पण अटींच्या जंजाळात न अडकलेलं अनुदान संयुक्त राष्ट्रांच्या शांतता-उभारणी निधीतून थेट मिळावं. या निधीने तरुणांच्या आणि स्त्रियांच्या संस्थांना थेट पैसे देण्याची वाट आधीच काढलेली आहे, ती थोडी रुंद करायची आहे.

आणि यासाठी नव्या पाहण्यांची वाट पाहायला नको. यूएनईपीच्या कपाटात संघर्षग्रस्त प्रदेशांचे कितीतरी जुने अहवाल आहेत. ज्यांतल्या विहिरी आजही वापरात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. यातला पहिला कोणता घ्यायचा, एवढं या वर्षी ठरवून जाहीर करावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका लहान गटातली कार्यकर्ती