बाबांची पेन्शन आणि थोडं माझ्या कामाबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दादा फोनवर सांगत होता, बाबा बँकेतून तावातावाने परत आले. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा उमटेना, मागचे लोक कुरकुरायला लागले, तेव्हा "ठेवा तुमची पेन्शन तुमच्यापाशी" म्हणून तुम्ही उठलात. बाबा, हे फोनवर काढलं असतं तर "बरं बरं" म्हणत तुम्ही फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहिते आहे.

तुमच्या बाबतीत झालं ते माझ्याकडे रोजचं आहे. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 10 हजार घरं विडी कामगार बायकांची. मांडीवर सूप घ्यायचं, भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याच्या मापाने कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, दोरा बांधायचा आणि तोंड नखाने आत दाबायचं. मजुरी दर हजार विड्यांमागे. वर्षानुवर्षं हेच केल्यावर बोटावर रेषा राहतीलच कशा? मग रेशन दुकानातलं मशीन सांगतं, ही बाई ती नव्हेच. तिथे भांडून काही होत नाही. अंगठ्याऐवजी डोळे तपासून धान्य कुठे मिळतं, आधारसाठी बोटं पुन्हा कुठे घेतात, हे ठाऊक असलेलं कुणीतरी सोबत लागतं.

तुम्ही लोकांना सांगता, "मुलगी समाजसेवा करते." खरं सांगू? त्यातला निम्मा वेळ कुणाच्या तरी शेजारी रांगेत उभं राहण्यात जातो. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 साली रुग्णसेवेसाठी थेट चीनला गेले. माझी धाव कुंभारी ते सिव्हिल हॉस्पिटल! सिव्हिलमध्ये नवरा आत अ‍ॅडमिट, बाहेर मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या टेबलाशी बायको. शिधापत्रिकेवर एक आडनाव, आधारवर दुसरंच, कारण तेलुगू नाव जो तो आपल्या कानाने लिहितो. 2012 मध्ये ही योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला जिल्हा होता. आता मर्यादा 5 लाखांपर्यंत गेली आहे. पण त्या बाईचं घोडं दोन अक्षरांपाशी अडलेलं असतं.

आणि कुणाला काय हवंय हे आपण घरी बसून ठरवू नये. टीबीची एक बाई होती, सहा महिन्यांच्या गोळ्या चालू. आम्ही तांदूळ-डाळ घेऊन गेलो. ती म्हणाली, "ताई, हे राहू द्या. सकाळी पोराला शाळेत कोण सोडेल ते बघा. मला चढ चढवत नाही." शेजारच्या पोरीला सांगितलं, काम झालं. खर्च शून्य. आता ती बरी आहे आणि मी गेले की शेंगाचटणीची पुडी हातात कोंबते. आमच्यातले काही जण घेत नाहीत, तत्त्व म्हणून. मी घेते. आपण सतत देणारे आणि ती सतत घेणारी, हे तिला किती टोचत असेल, ते मला आपल्या घरामुळे कळतं.

गिरणी बंद पडली त्या वर्षी शेजारच्या काकूंनी ज्वारी पाठवली होती आणि बाबांनी ती दारातूनच परत केली. आईने दुपारी मागच्या दाराने जाऊन तीच ज्वारी आणली. बाबा, आपण त्या महिन्यात त्याच भाकरी खाल्ल्या. (आई, सांगून टाकलं. रागावू नकोस.)

पेन्शन तर कुणाची ज्वारीसुद्धा नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून केलेल्या इतक्या वर्षांच्या कामाची आहे. वर्षाला दाखला गेला नाही तर ती थांबते, तुम्ही रुसलात म्हणून तिकडे कुणाचं काही अडत नाही. आणि आता त्याला अंगठाही लागत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवायचा, सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे, बस.

येत्या रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने येते आहे. पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), आधार आणि बँकेचं पासबुक काढून ठेवा. मोबाईल नंबर कुणाचा द्यायचा, दादाचा की तुमचा, तेही बघा, त्यावर ओटीपी येईल. आई, कडक भाकरी आणतेच आहे, तू पहाटे उठून काही करत बसू नकोस.

तुमची,
ताई