प्रतिवादीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकीलसाहेबांना

आदरणीय वकीलसाहेब,

सा. न. वि. वि.

तुम्ही वकिली थांबवताय हे तुमच्या ज्युनिअरकडून कळलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना नीट पत्र लिही, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिही." म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तालुक्यात ओळखणारे ओळखतीलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबांनी आजारपणात एका व्यापाऱ्याकडून पैसे उचलले होते. त्याने बदल्यात रस्त्यालगतच्या जमिनीचं साठेखत, म्हणजे ती पुढे विकण्याचा करार, लिहून घेतलं. बाबा गेले. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण सुरू झालं, जमिनीला भाव आला, आणि तो साठेखत घेऊन कोर्टात गेला. खरेदीखत करून मिळावं, असा करारपूर्तीचा दावा. बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा वाडीतल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, घेऊच नका. आईने घेतलं आणि तडक तुमच्याकडे आली. "बरं केलंत," हे तुमचं पहिलं वाक्य. समन्स नाकारलं तर ते दाराला चिकटवतात, आणि कोणी हजर झालं नाही की दावा एकतर्फा पुढे जातो, हे तुम्ही तेव्हा समजावलंत.

त्यानंतर जे सांगितलंत ते आई अजून सगळ्यांना सांगते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. "माझ्याकडेच राहिलं पाहिजे असं काही नाही, वहिनी." दारात आलेल्या पक्षकाराला हे आपण होऊन सांगणं साधं नाही. आई तुमच्याकडेच राहिली. फी तुम्ही जमेल तशी हप्त्याने घेतलीत आणि दर वेळी पावती दिलीत.

मला खरे आभार मानायचे आहेत ते कैफियतीबद्दल, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराबद्दल.

कैफियत द्यायला तीस दिवस असतात, कोर्टाने वाढवून दिली तर नव्वद. या घाईत बऱ्याच कैफियतींमध्ये एकच साचा उतरतो, "दाव्यातील सर्व मजकूर खोटा, खोडसाळ व अमान्य आहे." तुम्ही तसं केलं नाहीत. दाव्याचं एकेक कलम आईला वाचून दाखवलंत आणि प्रत्येकाखाली तिचं उत्तर घेतलंत. पैसे घेतले होते का? हो. सही त्यांचीच आहे का? हो, त्यांचीच. "मग तसंच लिहायचं." माझे काका भडकले, सगळं कबूलच करायचं तर वकील कशाला हवा म्हणाले. तुम्ही आवाज चढवला नाहीत, समजावून सांगितलंत. दिवाणी कायद्यात जी गोष्ट स्पष्ट शब्दांत नाकारली नाही ती कबूल केली असं धरतात, म्हणून प्रत्येक वाक्याला वेगळं उत्तर द्यावंच लागतं. पण खरी गोष्ट नाकारली तर पिंजऱ्यात उभं राहून ती वहिनींनाच निभावावी लागेल, आणि त्या खोटं बोलू शकणार नाहीत. त्यामुळे आमच्या कैफियतीत कर्ज कबूल होतं, सही कबूल होती. नाकारली होती ती एकच गोष्ट, की बाबांनी जमीन विकायला काढली होती.

ती कैफियत मराठीत होती. १९९८ साली राज्य सरकारने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, तरी इंग्रजीत लिहिणारे पुष्कळ आहेत. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. तिने सही करण्याआधी सगळा मजकूर ऐकला आणि एका ठिकाणी विहिरीची दिशा चुकली होती ती तुमच्याकडून दुरुस्त करून घेतली. आपण कशावर सही करतोय हे तिला ठाऊक होतं. कोर्टात तिचा हात थरथरला नाही, याचं श्रेय मी या गोष्टीला देते.

आम्ही जमीन विकू नये म्हणून त्या व्यापाऱ्याने मनाई मागितली होती. कोर्टात ज्याला निशाणी ५ चा अर्ज म्हणतात, त्या अर्जावर तुम्ही भांडला नाहीत. आम्हाला विकायचीच नाही तर तसं लिहून देऊ म्हणालात, आणि तो विषय एका तारखेत मिटला.

मग वर्षानुवर्षं तारखा. कधी साक्षीदार नाही, कधी न्यायाधीशांची बदली. अशाच एका दुपारी, पुकारा होत नव्हता तेव्हा, तुम्ही बाकावर बसून आम्हाला महाडच्या दाव्याची हकिकत सांगितलीत. चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही शाळेत शिकलो होतो. पण त्यावरून दिवाणी दावा झाला होता आणि त्यात बाबासाहेब प्रतिवादी होते, हे मला माहीत नव्हतं. तळं खासगी आहे, तिथे अस्पृश्यांना न येऊ देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं वादींचं म्हणणं. १४ डिसेंबर १९२७ ला कोर्टाने तळ्यावर जायला तूर्तातूर्त, म्हणजे तात्पुरती, मनाई दिली. महाडच्या परिषदेला हजारो माणसं जमली होती, तरी बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. पुढे ती मनाई उठली, १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, त्यावर अपिलं झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. जी वहिवाट सांगितली ती वादींना शाबीत करता आली नाही. "ज्याचं म्हणणं त्याने शाबीत करायचं. तोवर आपण टिकून राहायचं," असं तुम्ही आईला म्हणालात. आमचं प्रकरण त्यापुढे कणभर. तरी त्या दिवसापासून आईने "अजून किती दिवस?" हे विचारणं बंद केलं.

तुम्ही घेतलेला त्या व्यापाऱ्याचा उलटतपास मी मागच्या बाकावरून ऐकला. मोठा आवाज नाही, टेबलावर हात आपटणं नाही. जमिनीची मोजणी करून घेतलीत का? नाही. हद्दीवर कोणाची शेतं आहेत? आठवत नाही. खरेदीसाठी नोटीस कधी दिलीत? बाबा गेल्यानंतर. मग त्याचंच पासबुक त्याच्यासमोर ठेवलंत. त्यात बाबांनी महिन्याच्या महिन्याला भरलेली ठरावीक रक्कम दिसत होती. हे पैसे कसले? तो बराच वेळ गप्प राहिला आणि शेवटी "व्याजाचे" म्हणाला. जमीन विकणारा माणूस घेणाऱ्याला व्याज कशाला देईल, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. तो न्यायाधीशांसाठी ठेवलात.

युक्तिवादात समोरचे वकील म्हणाले की लेखी कागदाच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. तुम्ही ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर, हा निवाड्यांचा संग्रह) १९८२ मधला गंगाबाई विरुद्ध छबूबाई हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पुढे केलात. त्यातही कर्जाच्या व्यवहारात कागद मात्र विक्रीचा झाला होता. कागदाप्रमाणे वागायचं दोघांच्याही मनात कधी नव्हतं, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो, असं त्यात ठरलं आहे. शिवाय करारपूर्ती मागणाऱ्याने आपण पहिल्यापासून पैसे देऊन खरेदी घ्यायला तयार होतो, हे दाखवावं लागतं. ते त्याला दाखवता आलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. बाबांनी घेतलेली रक्कम व्याजासह परत करायची, हेही त्यात होतं. ते तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्यामुळे आईने भाताच्या पैशांतून ती जमवतच आणली होती.

साहेब, त्या संध्याकाळी घरी आलो तर घरात, शेतात काहीच बदललेलं नव्हतं. वादीचा वकील जिंकला की पक्षकाराच्या हाती काहीतरी नवीन येतं. तुम्ही जिंकलात आणि आमचं होतं ते आमचंच राहिलं. तुमच्या आयुष्यभराच्या कामाची खूण अशी कुठे दिसायची नाही. कुठल्या भाडेकरूची खोली, कुठल्या कुळाचा कसता तुकडा, गावठाणातली कुणाची तरी सामायिक वाट. ती माणसं आजही तिथेच राहतात, त्याच वाटेने जातात, आणि त्यांच्या नातवंडांना कळणारही नाही की हे कधी जाणार होतं. पुण्याला लॉ कॉलेजात शिकून तुम्ही परत या तालुक्यात आलात, सुरुवातीची वर्षं सीनिअरांची दप्तरं वाहिलीत, नक्कल विभागात उभं राहून हुकूमनामे हाताने उतरवून घेतलेत. त्यातलं बरंच तुम्ही बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. मला ते सगळं आठवतं, आणि कोणीतरी ते लिहून ठेवावं असं मनापासून वाटतं.

शेवटी कामाचं. निकालानंतर तुम्ही वारसनोंद करून घ्यायला सांगितली होतीत, ती झाली. फेरफार मंजूर आहे, सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि भावाचं नाव लागलं आहे. मुदतीत अपील झालं नाही. रक्कम कोर्टात भरल्याची पावती आणि हुकूमनाम्याची नक्कल तुमच्या ज्युनिअरकडे दिली आहे, फायलीला लावतील. यंदाचं भात झोडून झालं की आई तांदूळ पाठवणार आहे. आता आम्ही तुमचे पक्षकार नाही, तेव्हा या वेळी परत पाठवू नका. काकूंना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
एका प्रतिवादीची मुलगी