उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

आभार तुमच्यासमोर मानले असते, तर तुम्ही हात झटकून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत.

स्पर्धा 9 दिवसांवर आली होती आणि आमच्या रोबोची लिफ्ट अर्ध्यावर अडकत होती. खोकं उचललं की लिफ्टचे एकमेकांत सरकणारे ॲल्युमिनियमचे चॅनेल तिरके व्हायचे, मोटर कण्हून बंद पडायची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीन ठिकाणी फिरलो. एकुलत्या एका पीससाठी लेथ कोण अडकवणार? तुमच्याकडंही कास्टिंगचा ढीग पडला होता. तरी लेथ थांबवून, हात पुसत म्हणालात, "आण बघू हिकडं."

मोटरकडं तुम्ही बघितलंच नाही. टेबलाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढलात. अडकला. मधोमध धरून ओढलात, सरळ बाहेर आला. आमची लिफ्ट ओढणारी दोरी एकाच बाजूला होती! शिवाय चॅनेल ज्यांवर सरकतो त्या वरच्या-खालच्या रोलरमध्ये अंतर फक्त 4 सेंटिमीटर आणि खोक्याचा मध्य 20 सेंटिमीटर पुढं. म्हणजे प्रत्येक रोलरवर खोक्याच्या वजनाच्या पाचपट दाब. रोलर 12 सेंटिमीटरवर नेले, दोरी दोन्ही बाजूंनी घेतली, आणि चॅनेल बोटानं सरकायला लागला. तो क्षण मी विसरणार नाही.

मग मोटरची पाळी. दोरी वीतभर ओढली की खोकं दोन वीत वर जातं, तर दोरीवर ताणही दुप्पट येणार, हे आमच्या हिशेबातून सुटलं होतं. 3 किलोला 6 किलोची ओढ, चॅनेलचं वजन वेगळं. तुम्ही नायलॉनचा रॉड लेथच्या चकात धरलात. पांढरा किस तुमच्या मनगटावर साचत होता आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी व्हर्नियर लावून माप बघत होतात. मोटरवर दोरी गुंडाळणाऱ्या 6 सेंटिमीटरच्या रिळाच्या जागी 3 सेंटिमीटरचं रीळ आलं. वेग निम्मा झाला, पण ओढ दुप्पट झाली आणि त्याच मोटरनं खोकं उचललं.

पैसे विचारले तर म्हणालात, "स्पर्धा झाली की सांगायला ये."

तर सांगते. आमचा नंबर आला नाही, दुसऱ्या फेरीत चाक निखळलं. पण लिफ्ट एकदाही अडकली नाही, मामा.

शनिवारी संध्याकाळी रोबो घेऊन येतोय. सोबत ज्युनिअर पोरंही आहेत. त्यांना तो ड्रॉवर ओढून दाखवाल ना?

तुमची,
रोबोवाली पोरगी