बाग पडली का तू पडला?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळीवाला, पत्रबित्र कधी लिहीत नाही. पण जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे वादळ झालं त्यानंतर लोक जे बोलले ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

माझी साडेतीन हजार झाडं, घड पूर्ण भरलेले, आठ दिवसात कापणी, व्यापाऱ्याशी बोलणंही झालेलं. वादळ असेल वीसेक मिनिटं. सकाळी गेलो तर बाग आडवी, खोडं कंबरेतून मोडलेली, घड चिखलात तोंड खुपसून पडलेले आणि त्यातून चीक गळतोय. अकरा महिने हो साहेब. ड्रीप, खतं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या चिखलात. घरी आलो, आतल्या खोलीचं दार लावलं नि पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी मुक्ताईची पालखी निघणार होती, कोथळीला दरवर्षी जातो, यंदा गेलो नाही. खरं सांगतो, तिचाही राग आला होता.

भेटायला येणारे दाराबाहेरून एकच बोलायचे, देव परीक्षा घेतोय, धीर धर. अरे कसली परीक्षा? बांधापलीकडं ज्याची बाग उभी राहिली तो काय आधीच पास झालाय का? पडलेल्या माणसाला असं बोलायचं आणि खाली सही देवाची मारायची, हे मला तरी पटत नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आली. तिचा स्वतःचा पत्रा उडालेला. दार इतकं वाजवलं की कडी निघायची वेळ आली, आणि म्हणते काय, "काय रे भाऊ, बाग पडली का तू पडला?" उघडलं तर हातात डबा, कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार. समोर बसून खायला लावलं, देवाचं नावसुद्धा काढलं नाही. मग तिच्या नातवानं मला गाडीवर घालून शेतात नेलं, फोटो काढले, विम्याची तक्रार मोबाईलवरून टाकली. ती 72 तासांच्या आत टाकावी लागते, आमचे चार-पाच तास उरले होते, मी तर विसरूनच गेलो होतो. पैसे येतील तेव्हा येतील.

त्या रात्री मला ताटीच्या अभंगांची गोष्ट आठवली. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून बसले, म्हणजे माऊलीसुद्धा बसले बघा, आणि बाहेर उभी राहून हाका मारत होती ती धाकटी बहीण, मुक्ताई. जग बदलून नाही दिलं तिनं, लोकांची तोंडंही बंद नाही केली, ताटी उघडेपर्यंत हलली नाही एवढंच. तीच मुक्ताई 1297 मध्ये आमच्याच तापीकाठी वीज कडाडली नि गुप्त झाली असं सांगतात. वादळ काय असतं ते तिला आम्ही काय सांगणार.

मी कोथळीला गेलो नाही तर ती डबा घेऊन घरी आली असं आपलं मला वाटतं. कोणी हसलं तर हसू दे. देवानं वादळ का थांबवलं नाही याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, राग पण पुरता गेलेला नाही. पण तीन दिवस मला एकट्याला सोडलेलं नव्हतं हे मात्र मी नाकारू शकत नाही.

खोडं काढून झालीत, पाऊस धरला की कंद लावतोय. डबा अजून माझ्याकडंच आहे, घासून फडताळात ठेवलाय. रिकामा परत कसा करायचा? मी म्हातारीला म्हटलं, नवीन बागेची पहिली फणी घालून देतो. तर म्हणे, "तोवर वर्षभर मी भाकरी काय पदरात बांधू का?"

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव