गोल वाफे आणि आमचा मानकुराद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लॉन कमी करून वाफे करण्याचा सल्ला वाचला. सल्ल्याशी भांडण नाही. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथे आज कापलेले गवत पुढच्या आठवड्यात घोट्याला लागते. पण सोबतचे ते चित्र कोणी निवडले? हिरवळीत जागोजागी गोल वाफे आणि त्यांत लॅव्हेंडर! आषाढातल्या पाण्यात त्याची मुळे कुजतात, हे लेखकमहाशयांना कोणी सांगितले नसावे.

गवत कापणाऱ्याचा वेळ मोकळ्या जागेत जात नाही, कडेला जातो. सहा गोल वाफे केले की गवत थोडे कमी होते आणि कडा मात्र भरपूर वाढतात. मग प्रत्येक वाफ्याला वळसा घाला.

आमच्या अंगणात असेच एक गोल आळे होते, मधोमध मानकुराद आंब्याचे कलम. चौथ्या वर्षी पहिला मोहोर आला होता. जुलैत कटरवाला आला, पाऊस उघडला होता म्हणून घाईत होता. आळ्याभोवतीचे गवत काढताना नायलॉनची दोरी बुंध्याला लागली आणि बोटभर रुंदीची साल चहूबाजूंनी निघाली. ‘काही होत नाही बाई, झाड जिवंत आहे,’ असे म्हणून पैसे घेऊन तो गेला. दिवाळीपर्यंत जिवंत होतेही. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाटच तुटली, तर मुळे किती दिवस उपाशी राहणार? मानकुरादचा मे महिन्यातला भाव आपल्याच पेपरात छापून येतो, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता आम्ही कुंपणालगत एकच लांब वाफा केला आहे. झाडे सगळी त्यातच, खाली हळद, सोनटक्का, अबोली. कडेला चिरे जमिनीबरोबर बसवले, म्हणजे यंत्राचे चाक त्यावरून जाते. जुने गवत दबून मरावे म्हणून त्यावर मे महिन्यात पुठ्ठे पसरून वर शेणखत आणि आंब्या-फणसाचा पाला टाकला होता. पहिल्या पावसाळ्यात तण उपटावेच लागते. कायमची सुटका वगैरे पुरवणीतच होते. पण पातोळ्यांना हळदीची पाने बाजारातून आणावी लागत नाहीत.

हा पाला शेजारी जाळतात आणि धूर आमच्या घरात. कचरागाडी तो घेत नाही, कारण विचारले तर उद्या या म्हणतात. याविषयी मे महिन्यात पाठवलेले माझे पत्र छापून आलेले नाही. निदान पोच तरी द्यावी.

आपली,
एक वाचक, कुर्टी-फोंडा