चित्र त्यांचं त्यांनाच काढू द्या

महोदय,

परदेशात अपंग प्रौढांच्या एका केंद्रात मी तीन महिने स्वयंसेवक म्हणून चित्रकलेचे वर्ग घेतले. पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा थरथरता हात धरून मीच फूल पूर्ण केलं. त्यांनी कागद उलटला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा सुरुवात केली. मला फार लाज वाटली. मग ब्रशच्या दांड्याला स्पंज गुंडाळला, कागद टेबलाला चिकटवला आणि गप्प बसले. तासाभरात एक निळी रेघ उमटली. त्यांनी ती शेजारणीला दोनदा दाखवली.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं ३० वं कलम स्वतःची कला फुलवण्याची संधी द्या, असंच सांगतं. अशा कामाला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती, फोटोसाठी त्यांची चित्रं सुधारू नका. आणि जाण्याआधी तिथली भाषा थोडी तरी शिका.

- एक कलाशिक्षिका